कामाचे स्वरूप

"अजून एकदा," खड्ड्यातून आवाज आला.

वर गाडीत बसलेल्या बाईने स्टिअरिंग चार बोटं डावीकडे नेलं, चार बोटं उजवीकडे आणलं आणि ती थांबली. सांगितलं तेवढंच. खाली गॅरेजच्या खड्ड्यात तिचा नवरा हात वर करून उभा होता. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताची मूठ पुढच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या सांध्याभोवती घट्ट आवळलेली. सांधा हलला असं वाटलं. मग हलला नाही असं वाटलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तशी त्याने गाडीला, गाडी बनवणाऱ्याला आणि गाडीच्या मालकाला मनातल्या मनात एकेक शिवी घातली.

"अजून एकदा."

चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे. वरून हूं नाही की चूं नाही.

आज पाचवा दिवस होता. पाच दिवसांत ती घरात, गॅरेजात, अगदी स्कूटरवर त्याच्या मागे बसूनसुद्धा एक शब्द बोलली नव्हती. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणाला सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये दोघांनाही चार गोष्टी सुनावता येतात. हिने नुसतं तोंड मिटून घेतलं होतं. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, कपडे घडी घालून कपाटात. स्टिअरिंग धर म्हटलं की येऊन धरत होती. तक्रार करायची तर ती कशाची, हेच त्याला समजत नव्हतं, आणि त्यानेच त्याचं डोकं जास्त फिरत होतं.

"काही सापडतंय का?" खड्ड्याच्या काठावरून ग्रंथपालांनी वाकून विचारलं.

गाडी त्यांची. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी लावून लावून हा माणूस इतका नेमका झाला होता, की त्याच्याशी बोलताना परीक्षेला बसल्यासारखं वाटे. दोन आठवड्यांत ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या खेपेला म्हणाले होते, "गाडी माझं ऐकते, पण मनापासून ऐकत नाही." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "सरळ रस्त्यावरसुद्धा तिला सारखी आठवण करून द्यावी लागते." आज तर त्यांनी सगळं कागदावर लिहूनच आणलं होतं. तो कागद छातीशी धरून ते सकाळपासून उभे होते. खुर्ची दिली तरी बसत नव्हते.

"बघतोय."

"उद्या सकाळी सहाला मला निघायचंय. डोंगरातला रस्ता आहे, चार तासांचा. मुलीला आणि नातीला घेऊन यायचंय. नात अकरा दिवसांची आहे."

"मघाशी सांगितलंत हे."

"मघाशी तुम्ही खाली होता. ऐकलंत की नाही ते कळलं नाही."

ऐकायला मी खाली काय झोपलो होतो, हे वाक्य त्याने जिभेवरून परत आत ढकललं. अकरा दिवसांची नात, डोंगरातला रस्ता आणि मनापासून न ऐकणारी गाडी. म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं, आणि हाच खरा वैताग होता.

पहिल्या खेपेला त्याने पुढचे दोन्ही टाय रॉड एंड बदलले होते. स्टिअरिंगकडून येणारी दांडी जिथे चाकाला जोडली जाते तो हा सांधा. ढिलाई म्हटली की दहातल्या आठ गाड्यांत तोच निघतो. दुसऱ्या खेपेला चाकांची अलाइनमेंट, टायरांतली हवा, बॉल जॉइंट, सगळं पाहून झालं. गाडी गेली, आणि चौथ्या दिवशी हे महाशय कागद घेऊन पुन्हा दारात हजर.

गावात त्याला 'डॉक्टर' म्हणत, ते उगाच नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये मशीन लावून न सापडलेली खोड त्याच्या बोटांना सापडत असे. पद्धत जुनीच. गाडी खड्ड्यावर घ्यायची, चाकं जमिनीवरच राहू द्यायची. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली एकेक सांधा मुठीत धरून पाहायचा. चांगला सांधा मुठीत गप्प राहतो. झिजलेला आतून कुरकुरतो. वरच्याला काही करायचं नसतं, सगळा खेळ खालच्याच्या बोटांचा, असं डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे. बावीस वर्षं वर बायको आणि खाली तो.

आज मात्र बोटं काही केल्या ठिकाणावर येत नव्हती. उजवीकडचा सांधा ठीक वाटला. डावीकडचा ठीक वाटला. पुन्हा उजवीकडचा धरला, तर तो सैल वाटायला लागला. कोपऱ्यात ब्रेडवाल्याची व्हॅन कालपासून उभी होती. तिच्या स्टिअरिंगमध्ये खडखड होती, आणि काल संध्याकाळी तिच्याखालीही हेच झालं होतं. तासभर सगळे सांधे चाचपून शेवटी 'उद्या बघू' म्हणत त्याने हात धुतले होते. वय झालं की काय, अशी एक शंका काल अंथरुणावर पडल्यावर येऊन गेली होती. पन्नाशीत कसलं वय, म्हणून त्याने कूस बदलली होती.

सांधा मुठीत धरून तो उभा राहिला. स्टिअरिंग हललं, थांबलं. तोही थांबला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तो कशाची तरी वाट बघतोय. कशाची, ते आठवेना.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि शनिवारपासून दोन्ही बाजूंचं ऐकून तिचे कान किटले होते.

"बाबा, आईशी बोललात का?"

"मी बोलतोच आहे. तीच बोलत नाही."

"काय बोललात?"

"काय म्हणजे? आत्ताच म्हटलं, अजून एकदा."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"तू तिला एवढंच सांग," तो आवाज खाली आणून म्हणाला, "की काय मनात असेल ते सरळ बोलून टाक म्हणावं. इथे गिऱ्हाईक ताटकळलंय."

"आई आत्ता कुठे आहे?"

"वर. गाडीत बसलीय."

"म्हणजे तुमच्या डोक्यावर. आणि मी आहे दोनशे किलोमीटरवर. आणि निरोप मी पोचवू?" मुलगी म्हणाली. "बाबा, फॉर्मची शेवटची तारीख उद्या आहे. मदतनीस लिहिलेला फॉर्म ते पहिल्या खिडकीवरच परत करतात. मी चौकशी केलीय."

"मग काय लिहू? चीफ इंजिनिअर?"

"मला काय विचारता?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या फॉर्मचं झालं होतं असं. सरकारी वाहन तपासणी केंद्र नव्याने उघडत होतं आणि तिथे तपासनीस हवे होते. महिनाभर घरात तोच विषय. तिथल्या खड्ड्यात दिवे आहेत, बायको म्हणाली होती. फरशी सपाट आहे. बसायला स्वतःचं टेबल आहे. "टेबल इथेही आहे की," तो म्हणाला, तर म्हणाली, "ते तुमचं आहे." एक तारखेपासून कामावर जायचं होतं. अनुभवाचा दाखला आधीच्या मालकाने द्यायचा, म्हणजे नवऱ्यानेच. शनिवारी ती टेबलापाशी आली तेव्हा तिच्या एका हातात फॉर्म होता आणि दुसऱ्या हातात कसलंसं खोकं. त्याला मनातून हे सगळं नको होतं. तरी खळखळ न करता त्याने पेन काढलं, आणि आपल्या मोठेपणाचं त्याला थोडं कौतुकही वाटलं. नाव लिहिलं. वर्षं लिहिली. 'कामाचे स्वरूप' या ओळीपुढे 'मदतनीस' लिहिलं, खाली सही ठोकली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला.

तिने तो वाचला. चार घड्या घालून पर्समध्ये टाकला, खोकं उचललं आणि आत निघून गेली. त्या क्षणापासून ही तऱ्हा. सोमवारी टेबलावरच्या पेपरवेटखाली एक नवा कोरा फॉर्म येऊन पडला होता, तो अजून तसाच होता.

तो खड्ड्यातून वर आला. बायको गाडीतून उतरून हात पुसत बाजूला उभी राहिली होती. त्याच्याकडे बघत नव्हती, व्हॅनकडे बघत होती.

"चला, एक चक्कर मारून येऊ," तो ग्रंथपालांना म्हणाला.

ग्रंथपाल शेजारी बसले आणि त्यांनी कागद उलगडला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. साठच्या वेगावर आल्यावर डॉक्टरलाही ते कळलं. गाडी रस्त्याच्या कडेकडे सरकायची, तो किंचित वळवायचा, तर ती आधी काहीच करायची नाही आणि मग जरा जास्तच करायची. स्टिअरिंग हातात होतं आणि तरी नव्हतं.

"मुद्दा पहिला," ग्रंथपालांनी वाचायला सुरुवात केली. "वेग वाढवताना गाडीचा कल डावीकडे. मुद्दा दुसरा, ब्रेक लावताना तोच कल उजवीकडे. मुद्दा तिसरा, मागे सामान ठेवल्यास त्रास अधिक."

"हं," डॉक्टर म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं.

"मुद्दा चौथा. पहिल्या दिवशी वहिनींनी गाडी आत घेतली, स्टिअरिंग हलवून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, पुढे सगळं घट्ट आहे, मागे बघायचं का? त्यावर आपण दोघं हसलो."

डॉक्टरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे लिहिलंय तुम्ही?"

"घडलं ते लिहिलंय. तुम्ही म्हणालात, स्टिअरिंग पुढे असतं, तू चाक धर, डोकं मी लावतो. मग मी हसलो. घरी गेल्यावर वाटलं, आपण कशाला हसलो? आपल्याला त्यातलं काय कळतं? म्हणून नोंद केली."

"साहेब, स्टिअरिंग पुढेच असतं."

"असतं ना," ग्रंथपाल म्हणाले. "मुद्दा पाचवा."

पाचवा, सहावा आणि सातवा मुद्दा डॉक्टरच्या कानात शिरलाच नाही. हा मनुष्य आपली चेष्टा करतोय की खरंच सात मुद्दे सांगतोय, याचा त्याला अंदाज येईना. परत येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं. दांड्या नवीन, सांधे नवीन, मग राहिला तो रॅक, स्टिअरिंगचा मुख्य भागच. तोच गेला असणार.

"रॅक बदलावा लागेल," गाडीतून उतरत तो म्हणाला.

"खात्री आहे?"

"दुसरं काही उरलेलंच नाही."

"ही खात्री झाली की राहिलेलं उत्तर?"

एखादा जुना रॅक पडलाय का बघतो, असं पुटपुटत तो मागच्या खोलीत गेला. तिथली फळ्यांची मांडणी बायकोची. प्रत्येक खोक्यावर गाडीचा नंबर आणि तारीख, तिच्या बारीक, सरळ अक्षरात. त्याने जुन्या मालाची फळी उपसली, फिल्टर बाजूला केले, एक गंजलेला पंप उगाचच हलवून परत ठेवला. रॅक नव्हताच. नसणार हे त्याला बाहेर असतानाच ठाऊक होतं. बाहेर ग्रंथपाल होते, म्हणून तो आत आला होता.

डोळ्यांसमोरच्या फळीवर, ब्रेडवाल्याच्या फिल्टरशेजारी, हातभर लांबीचं एक खोकं होतं. वर ग्रंथपालांच्या गाडीचा नंबर. खाली दोन तारखा, मागवल्याची आणि आल्याची. ज्या दिवशी ते दोघं हसले त्याच दिवशी तिने ते मागवलं होतं. आणि आलं होतं शनिवारी.

चिकटपट्टी फोडायच्या आधीच आत काय आहे ते त्याला कळलं होतं. तरी त्याने ती फोडली. मागच्या ॲक्सलचे दोन रबरी बुश, नवेकोरे, पिशवीत गुंडाळलेले. शनिवारी ती एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात हे घेऊन उभी होती. आधी फॉर्म पुढे केला होता. खोक्याची पाळी आलीच नाही.

तो बाहेर आला, कोणाकडे न बघता त्याने गाडीचं मागचं अंग खड्ड्यावर घेतलं, पहार घेतली आणि खाली उतरला. मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल गाडीच्या अंगाला या दोन बुशांनी धरलेला असतो. ते फाटले की मागची चाकं आपल्या मर्जीने वळतात, आणि पुढे बसलेल्याला वाटतं स्टिअरिंग सैल झालं. हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि ऐन वेळी सुचणं यात फरक पडला होता. पहार अडकवून त्याने जोर दिला. ॲक्सल बोटभर सरकला आणि टक असा आवाज करून परत आला. रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं होतं. दिवा नीट धरला तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं.

हे घेऊन तो माणूस अकरा दिवसांच्या पोरीला डोंगरातून आणणार होता. डॉक्टरने पहार खाली ठेवली आणि तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

ती खड्ड्यात कधीच उतरली नव्हती. मग तिला कळलं कसं? तिच्या हातात फक्त स्टिअरिंग असायचं. पुढे ढिलाई नाही, हे तिला त्या स्टिअरिंगमधूनच कळलं असणार. पुढे नाही आणि गाडी तर भरकटतेय, म्हणजे मागे. इतकं सोपं होतं ते. आणि हे तिला आजच कळायला लागलं होतं थोडंच?

तेव्हा त्याला आठवलं, सकाळपासून तो कशाची वाट बघत होता ते.

हं.

बावीस वर्षं तो खाली एकेक सांधा मुठीत धरत पुढे सरकायचा, आणि कुठल्या तरी एका सांध्यावर वरून बारीकसा आवाज यायचा, हं. त्याने तो आवाज कधी मनावर घेतला नव्हता. स्टिअरिंग जड आहे, दमली असेल, असं फार तर वाटलं असेल. सैल सांधा खाली कोणी घट्ट धरला, की वर स्टिअरिंगची ढिलाई तेवढ्यापुरती मिटते. हे त्याला माहीत होतं. पण मिटलेली ढिलाई ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्यालाच कळणार, खाली उभ्या असलेल्याला नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हं आला की त्याची बोटं तिथे थांबायची. थांबली की मग त्या बोटांना सापडायचं. आणि वर येऊन तो गिऱ्हाइकाला बोटं दाखवायचा.

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. तेल, काजळी, एका नखाला जुना मार. बाकी काही विशेष नव्हतं. त्याला स्वतःचा इतका राग आला, की बाजूला पडलेली चिंधी उचलून त्याने दोन्ही हात उगाच खसाखसा पुसले.

"काही सापडलं का?" वरून ग्रंथपालांचा आवाज आला.

"सापडलं."

"रॅक?"

"नाही. मागे आहे."

ग्रंथपालांनी खिशातून पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टरच्या बायकोकडे बघून मान किंचित झुकवली. मग ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

बुश काढायला आणि नवे बसवायला दुपार गेली. बायको मदतीला होती. पाना लागेल तेव्हा पाना त्याच्या हातात येत होता, दिवा हवा तिथे दिवा. एकदा बुश तिरका बसत होता. त्याने हातोडा उचलला, तेवढ्यात तिने बुशाच्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि ती बाजूला झाली. पुढच्या दाबाला बुश सरळ आत गेला. तो काही म्हणणार होता. पण काय म्हणावं ते ठरेपर्यंत ती हात धुवायला निघून गेली होती.

पाच वाजत आले तेव्हा गाडी खड्ड्यावरून बाजूला आली. ग्रंथपाल उठून उभे राहिले.

"चला," ते डॉक्टरला म्हणाले, "चक्कर मारून बघू."

डॉक्टरने गाडीची किल्ली हातात धरली होती. ती त्याने ग्रंथपालांना दिली नाही आणि स्वतःही पुढे झाला नाही. त्याने ती पलीकडे, बायकोच्या बाजूला, गाडीच्या टपावर ठेवली.

"चक्कर या मारतील," तो म्हणाला.

"तुम्ही येत नाही?"

"मला नाही कळायचं. यांना कळतं. मागचंही यांनीच सांगितलं होतं. तुमच्या कागदावर आहे ते."

"आहे," ग्रंथपाल म्हणाले. "मुद्दा चौथा."

बायकोने किल्लीकडे पाहिलं. मग ती उचलली, दार उघडून बसली, आरसा आपल्या उंचीचा करून घेतला. ग्रंथपाल शेजारी बसले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणाआड गेली.

गॅरेजात तो एकटाच राहिला. त्याने नळाखाली हात धुतले, नखांतली काजळी ब्रशने काढली, शर्टाला हात पुसले आणि टेबलापाशी येऊन पेपरवेट बाजूला केला. नाव लिहिलं. वर्षं लिहिली, बावीस. मग पेन 'कामाचे स्वरूप'वर येऊन थांबलं.

पुन्हा मदतनीस लिहिलं, तर फॉर्म पहिल्या खिडकीवरूनच परत येईल आणि ती इथेच राहील. बोलणार नाही, पण राहील. खरं लिहिलं तर ती जाईल, आणि ती गेल्यावर या खड्ड्यात जो उभा राहील त्याला कोणी फार दिवस डॉक्टर म्हणणार नाही, हे त्याला आत्ता या टेबलावरून स्वच्छ दिसत होतं. त्याला भीती वाटली. दुकानाची वाटली, नावाची वाटली, आणि वर कोणीच बसलेलं नसताना खाली सांधा धरून उभं राहण्याची सगळ्यात जास्त वाटली.

त्याने लिहिलं, 'बिघाड शोधणे.' अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं. खाली सही केली, तारीख घातली, आणि फॉर्म पेपरवेटखाली अगदी होता तसाच ठेवला.

गाडी परतली. ग्रंथपाल उतरले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. त्याची घडी खिशात गेली होती.

"ऐकते," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, दोघांना नमस्कार केला आणि नातीला आणायच्या तयारीला निघून गेले.

बायको पर्स घ्यायला टेबलापाशी आली. पेपरवेटखालचा कागद तिने बाहेर ओढला आणि उभ्या उभ्याच वाचला. डॉक्टर व्हॅनच्या बॉनेटवरून उगाच फडकं फिरवत होता, आणि त्याला तिची फक्त पाठ दिसत होती. वाचायला एक ओळ होती, पण तिला बराच वेळ लागला. मग तिने फॉर्म न दुमडता प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवला, फाइल पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

आता घरी निघेल, असं त्याला वाटलं. ती किल्ल्यांच्या खिळ्यापाशी गेली, तिने व्हॅनची किल्ली काढली, व्हॅनमध्ये चढली आणि ती एका दमात खड्ड्यावर आणून उभी केली. इंजिन बंद केलं.

तो दिवा घेऊन खाली उतरला. उजवीकडचा सांधा मुठीत धरला.

वर स्टिअरिंग हललं. त्याला सांगावं लागलं नाही. चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे. काही नाही. त्याने आतला सांधा धरला. काही नाही. सरकत सरकत तो डाव्या बाजूला आला, तिथल्या टाय रॉड एंडवर मूठ आवळली आणि श्वास रोखून उभा राहिला.

"हं," वरून आवाज आला.

मूठ त्याने तशीच राहू दिली.

"अजून एकदा," तो म्हणाला.

स्टिअरिंग हललं. "हं."

एक तारखेला अजून नऊ दिवस होते. त्याने मूठ सोडली नाही.

"अजून एकदा."

"अहो, तोच आहे," ती म्हणाली. "किती वेळा सांगायचं?"